बाळ परदेशी, वर्ष तारखेचं

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या काही आठवड्यांत तुमची जी पत्रं आली, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. मुलगा-सून परदेशात आहेत, तिकडेच बाळ झालं, तर त्या बाळाचं नागरिकत्व कोणतं? आई भारतीय, वडील भारतीय, म्हणजे बाळ आपोआप भारतीयच ना?

नाही. आपोआप नाही. ३ डिसेंबर २००४ला किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची जन्मनोंद त्या देशातल्या आपल्या वकिलातीत करावी लागते, आणि ती जन्मापासून एक वर्षाच्या आत. नोंद झाली की कायद्याच्या लेखी ते मूल भारताचं नागरिक. पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या: जन्मतारखेपासून एक वर्ष. आणि त्यातल्या 'तारखेपासून'खाली दोन रेघा ओढा. का ओढा, ते सांगायला आज मला जरा जास्त वेळ लागणार आहे. ऐका.

नागपूरच्या महाल भागात आमच्या ओळखीचे एक काका राहतात. पोस्टातून निवृत्त. उभा जन्म तारखेचे शिक्के मारण्यात गेला. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये, लीड्सला. ३१ ऑगस्ट २०२२, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. काका चितार ओळीतून मूर्ती घेऊन दारात पोचले, डोक्यावर टोपी, हातात पाट, पाटावर गणपती. काकू औक्षणाचं तबक घेऊन यायच्या, त्या फोन घेऊनच बाहेर आल्या. "अहो, पोट्टं झालं!" आता आधी ओवाळायचं कुणाला? गणपती दारातच ताटकळला. शेजारच्या वहिनींनी तबक आणलं म्हणून बरं, नाहीतर काका पाट घेऊन पायरीवर तसेच उभे राहिले असते.

लीड्सला जन्मला म्हणजे पोरगा इंग्रज झाला, असं अख्ख्या गल्लीनं संध्याकाळच्या आरतीपर्यंत ठरवूनही टाकलं. पण तसं नसतं बरं का. १ जानेवारी १९८३पासून ब्रिटनमध्ये नुसतं जन्मून कुणी ब्रिटिश होत नाही. आई-वडिलांपैकी एकजण तरी ब्रिटिश नागरिक हवा, नाहीतर तिथे कायमचं राहायची परवानगी असलेला हवा. हे दोघं कामाच्या व्हिसावर. मुलानं फोनवर हे समजावलं, तेव्हा काका म्हणाले, "म्हंजे माझा बाप महालात जन्मला, तो ब्रिटिश प्रजा. अन् माझा नातू इंग्लंडात जन्मला, तो ब्रिटिश नाही! कमाल आहे लेका या इंग्रजाची."

मग ठरलं, आपल्या वकिलातीत नोंद करायची. मुलानं चौकशी केली, मुदत एक वर्षाची. पोरगं देशाबाहेर जाणार नसेल तर तिथे त्याला व्हिसा काढायचीही सक्ती नाही, त्यामुळे पासपोर्टावाचून काही अडत नव्हतं. घाई कुणालाच नव्हती. त्यात काकूंनी मोडता घातला. "आम्ही पुढच्या गणपतीत येऊन राहिलो ना बाप्पा. पहिला वाढदिवस. तेव्हाच करा ते नोंदीचं. चांगलं काम आहे, चतुर्थीच्या मुहूर्तावर होऊ द्या." मुलगा म्हणाला, ठीक आहे आई, या गणपतीपासून पुढचा गणपती, वर्षच तर होतं.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यांच्या लक्षात आलं असेल. २०२३ साली श्रावण अधिक होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट. काकूंनी अमरावतीच्या जावयाला तेहतीस अनारशांचं वाण अगदी आठवणीनं दिलं. पण ज्या अधिक महिन्यानं अनारसे आणले, त्यानंच गणपतीही पुढे ढकलला होता. २०२३ची चतुर्थी आली १९ सप्टेंबरला. पोळासुद्धा सप्टेंबरात, मारबत सप्टेंबरात. आणि पोराचं तारखेनं वर्ष भरलं होतं ऑगस्टच्या शेवटीच.

काका-काकू लीड्सला पोचले. चतुर्थी झाली, मोदक झाले, आणि मग सगळी वरात अर्ज द्यायला निघाली. खिडकीपलीकडच्या बाईंनी जन्मदाखला पाहिला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वर्ष उलटून गेलंय. काका पुढे सरसावले. तिथल्या तिथे त्यांनी त्या बाईंना अधिक महिना समजावला. चांद्रवर्ष तीनशे चौपन्न दिवसांचं, सौरवर्षाशी मेळ बसवायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. "मॅडम, चतुर्थी ते चतुर्थी एकच वर्ष होते. फक्त या वर्षी ते जरा लांब होतं." बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाल्या, "काका, माझ्या आईचाही वाढदिवस आम्ही तिथीनंच करतो. पण या फॉर्मवर तिथीचा रकाना नाही."

नागपूरला परतल्यावर काका थेट हायकोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेले. कायद्यात 'एक वर्ष' म्हटलंय, कोणतं वर्ष ते कुठे म्हटलंय, हा त्यांचा मुद्दा. वकिलांनी जाडजूड पुस्तक उघडलं. १८९७चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम तीन. वर्ष म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेलं वर्ष. अगदी असंच लिहिलंय, आणि आजही लागू आहे. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "पोट्ट्याला नागरिकत्व देत नाही म्हंते, अन् मुदत मात्र त्याच्याच कॅलेंडरनं!"

मी तर म्हणते, आपलं स्वतःचं राष्ट्रीय कॅलेंडर आहे की. २२ मार्च १९५७पासून आहे. आकाशवाणीवर भारतीय सौर दिनांक तुम्ही ऐकता आणि कान चहाच्या कपाकडे वळवता. त्या कॅलेंडरात अधिक महिना नाही, तिथीची वाढ नाही, क्षय नाही. ३१ ऑगस्ट म्हणजे दरवर्षी नऊ भाद्रपद. एवढी सोय असून आपण ते फक्त सरकारी पत्राच्या कोपऱ्यात ठेवलंय. असो. हा माझा जुना राग आहे, त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही.

मुदत गेली म्हणजे सगळं संपलं का? नाही. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारच्या परवानगीनं नोंद होऊ शकते. पण ती परवानगी मागावी लागते, उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं, कागद दिल्लीला गृह मंत्रालयात जातो, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. तोवर पोराला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणजे विमान नाही. दिवाळीला नातू महालात येणार होता, त्याऐवजी चिवडा-चकलीचा डबा कुरिअरनं लीड्सला गेला. अर्जात उशिराचं कारण काय लिहावं यावर घरात दोन दिवस खल चालला. काकूंचं म्हणणं, खरं तेच लिहा, अधिक श्रावण. सुनेनं शेवटी 'मुदत मोजण्यात झालेली चूक' एवढंच लिहिलं. परवानगी मिळाली, पण काकांच्या भाषेत सांगायचं तर "रजिस्टर्ड पत्र गहाळ झाल्यासारखी" वाट पाहायला लावून.

चला, वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगते. १० डिसेंबर १९९२च्या आधी परदेशात जन्मलेल्यांना भारतीयत्व फक्त वडिलांकडून मिळायचं. त्यानंतर आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही एक बाळाच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला तरी चालतो. लेकीच्या बाजूच्या आजी-आजोबांनो, हे तुमच्यासाठी. मात्र तो पालक स्वतःच परदेशात जन्मून अशा नोंदीनं भारतीय झालेला असेल, तर त्याच्या मुलांसाठी नियम आणखी कडक आहेत.

कागद कोणते? तिथला जन्मदाखला, आई-वडिलांची नावं असलेला. इंग्लंडमध्ये एक छोटा दाखलाही मिळतो, त्यावर आई-वडिलांची नावंच नसतात, तो उपयोगाचा नाही. दोघांचे पासपोर्ट. विवाह नोंदणीचा दाखला. आणि बाळाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांचं लेखी निवेदन. म्हणजे अमेरिकेत बाळ झालं आणि आधी अमेरिकन पासपोर्ट काढून घेतला, तर ही वाट तिथेच बंद होते. विवाह नोंदणीचं तर काय बोलावं! लॉन, डीजे, ड्रोनचा कॅमेरा, सगळं असतं. १९९८चा आपल्या राज्याचा कायदा आहे, नव्वद दिवसांत नोंदवा म्हणतो, पण नोंदणीला जायला नवरा-नवरीला दुपार मोकळी मिळत नाही.

जन्मानं दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असलेलं मूल नोंद झाल्यावर भारतीय राहतं, पण अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत त्यानं ते दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारताचं जातं. पुन्हा सांगते: अठरा वर्षं आणि सहा महिने. हेही तारखेनंच.

काटोलहून एका आजोबांनी विचारलंय, नातीकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड, आहे, संत्र्याची बाग तिच्या नावावर करू का? आजोबा, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, पण मत देता येत नाही. शेतजमीन तिला विकत घेता येणार नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येणार नाही. वारसाहक्कानं मात्र मिळू शकते. तेव्हा बक्षीसपत्राचा विचार सोडा, आणि मृत्युपत्रासाठी काटोललाच चांगला वकील गाठा. नमस्कार.