सरकारी शाळेतला गुणगौरव: मुलं शोधायची कशी, मानपत्र लिहायचं कसं

[कॅमेऱ्यासमोर, हातात प्रशस्तिपत्र]

नमस्कार मंडळी. हे प्रशस्तिपत्र बघा. कडेनं सोनेरी वेलबुट्टी, मधोमध ठळक अक्षरांत 'उत्कृष्ट कामगिरीबद्दल', त्याखाली मुलीचं नाव, सही, शिक्का. आता सांगा, या मुलीनं केलं काय? विज्ञानाचं उपकरण बनवलं, शर्यत जिंकली, की अडखळत वाचणाऱ्या चार मुलांना वाचायला शिकवलं? कागदावर कुठंच नाही. पाच वर्षांनी तो घरात कुणाच्या हाती लागला, तर तिला स्वतःलाही सांगता येणार नाही.

सरकारी शाळेत गुणगौरव करायचा तर खरी कामं दोनच. पात्र मूल शोधून काढणं आणि त्यानं काय केलं ते नेमक्या शब्दांत मांडणं. हार, मंडप, पाहुणे हे सगळं त्यानंतर. बहुतेक ठिकाणी मंडपापासून सुरुवात होते आणि नावं शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं गोळा होतात. गडबड तिथंच होते.

[पडद्यावर: शोध]

सरकारी शाळा दारात आलेल्या प्रत्येक मुलाला घेते. त्यामुळे एकाच वर्गात असं मूल असतं ज्याचे पालक प्रत्येक स्पर्धेचा फॉर्म वेळेवर भरतात, आणि असंही असतं ज्याच्या घरी स्पर्धेची बातमीच पोचत नाही. 'नावं पाठवा' असा कागद फिरवला की पहिल्याचंच नाव येतं. दुसऱ्याची कामगिरी कमी असते असं अजिबात नाही. त्याच्या वतीनं बोलणारं कुणी नसतं, एवढंच.

याचा एक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात प्रज्ञावान मुलांसाठी खास कार्यक्रम होता. पात्रता तपासण्यासाठी मुलं पाठवली जायची ती शिक्षकांच्या आणि पालकांच्या शिफारशीवर. २००५मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाळणी चाचणी घ्यायला सुरुवात केली. पात्रतेचे निकष तेच ठेवले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या आणि अल्पसंख्य समाजांतल्या निवडलेल्या मुलांचं प्रमाण एकदम वाढलेलं दिसलं. मुलं तीच होती, गुणही तेच होते. फरक होता तो कुणी बघितलं याचा.

आपल्या शाळेत हे करायचं कसं? एक वही घ्या. वर्गातली सगळी नावं आधीच लिहून टाका, पटावर चाळीस असतील तर चाळीस. पुढं चार रकाने: तारीख, काय केलं, कुणी पाहिलं, पुरावा कुठं आहे. वर्गशिक्षकांनी महिन्यातून एकदा, दहा मिनिटं देऊन ती भरायची. आधी नावं लिहायची ही अट सोडू नका, कारण या वहीत खरी माहिती देतात त्या रिकाम्या ओळी. तीन महिने एखाद्या नावापुढं काहीच नसेल, तर त्या मुलाकडं आपलं लक्ष गेलेलं नाही असं समजायचं आणि पुढचा महिना मुद्दाम बघायचं.

आणि ही वही फक्त विषयशिक्षकांपुरती ठेवू नका. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले सहायक, खेळाचे शिक्षक, शाळेचे शिपाई या सगळ्यांना विचारा. शाळा सुटल्यावर थांबून प्रयोगशाळेतलं साहित्य जागेवर कोण लावतं, लहान भावंडाला सांभाळत अभ्यास कोण करतं, हे त्यांना वर्गशिक्षकांपेक्षा जास्त माहीत असतं.

शाळेबाहेरच्या बक्षिसांची मात्र छाननी करा. पैसे भरून मिळणारी पदकं खूप असतात. चार प्रश्न विचारायचे. स्पर्धा कुणी घेतली? त्या गटात किती मुलं होती? त्यातल्या किती जणांना पदक मिळालं? परीक्षक कोण होते? साठ जणांत पंचावन्न सुवर्णपदकं असतील तर तो सहभागाचा दाखला झाला. मुलाचं कौतुक जरूर करा, पण व्यासपीठावर ते राज्य पातळीवरच्या यशाच्या शेजारी मांडू नका. असं केलं की ज्यानं खरोखर मेहनत घेतली त्याचं यश स्वस्त होतं आणि मुलांना हे लगेच कळतं.

[पडद्यावर: निवड]

समिती तीन किंवा पाच जणांची. विषम संख्या, म्हणजे मतं समसमान पडणार नाहीत. कुणाचं स्वतःचं मूल किंवा नात्यातलं मूल यादीत असेल तर त्या नावापुरतं त्या व्यक्तीनं खोलीबाहेर जायचं.

निकष चारच ठेवा: काम किती अवघड होतं, ते किती चांगलं झालं, मुलाचा स्वतःचा वाटा किती, आणि किती काळ टिकून केलं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य, दोन आणि चार म्हणजे काय हे आधी एकेका वाक्यात लिहून ठेवा, नाहीतर एकाचे तीन आणि दुसऱ्याचे तीन यांचा अर्थ वेगळा होतो.

आता एक छोटी पण फार उपयोगी गोष्ट. गुण देताना एका मुलाचे चारही निकष सलग भरू नका. आधी सगळ्या मुलांचा पहिला निकष, मग सगळ्यांचा दुसरा. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२०मध्येच दाखवलं होतं की माणसाचा एक गुण आवडला की त्याचे बाकीचे गुणही आपल्याला आपोआप चांगले वाटायला लागतात. नीटनेटकं अक्षर, छान बोलणं, पहिला बाक याचा परिणाम असाच होतो. आडवं तपासलं तर तो पुष्कळ कमी होतो. प्रत्येकानं आपापले गुण लिहून दिल्यावरच चर्चा सुरू करायची, आणि चर्चा फक्त त्याच नावांवर जिथं दोन सदस्यांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त अंतर आहे. आधी चर्चा केली की सगळ्यात ज्येष्ठ सदस्याचं मत हेच समितीचं मत होऊन बसतं.

प्रगतीचं बक्षीस हा प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथंच होतात. नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्या चाचणीचे गुण, शेवटच्या चाचणीचे गुण, वजाबाकी, सर्वांत मोठा आकडा विजेता. आता पहिल्या चाचणीच्या दिवशी ताप असलेलं हुशार मूल घ्या. त्या दिवशी चाळीस, नेहमीसारखे पंचाऐंशी शेवटी. पंचेचाळीस गुणांची 'प्रगती', प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. म्हणून सुरुवातीच्या किमान दोन चाचण्यांची सरासरी आणि शेवटच्या किमान दोन चाचण्यांची सरासरी धरा.

दुसरी अडचण म्हणजे वरचं छत. ९२वरून ९७वर गेलेल्या मुलीला तीस गुणांची झेप घ्यायला जागाच नाही. यासाठी भौतिकशास्त्राचे शिक्षक रिचर्ड हेक यांनी १९९८च्या त्यांच्या अभ्यासात वापरलेला हिशेब कामाचा आहे: जेवढे गुण मिळवायचे शिल्लक होते त्यातले किती मिळवले?

[पडद्यावर आकडेमोड]

३४वरून ५८ म्हणजे ६६ शिल्लक होते, २४ मिळवले, साधारण ३६ टक्के. ९२वरून ९७ म्हणजे ८ शिल्लक, ५ मिळवले, साधारण ६२ टक्के. बघा, आता उलटीच गडबड होते. वरच्या टोकाला दोन-तीन गुणांचा योगायोगही फार मोठा दिसतो. म्हणून माझं मत असं की सुरुवातीला ऐंशीच्या वर असलेल्या मुलांना प्रगतीच्या यादीत घेऊच नये. त्यांच्यासाठी इतर बक्षिसं आहेत. आकड्यांनी पाच-सात नावं पुढं काढावीत आणि अंतिम निर्णय त्या मुलांच्या वह्या समोर ठेवून करावा.

एक बक्षीस मात्र मी सरळ बंद करा म्हणेन: शंभर टक्के हजेरीचं. मूल आजारी पडलं ही त्याची चूक नाही. आणि बक्षिसासाठी ताप अंगावर काढून मुलं शाळेत येतात, ते वेगळंच. यावर अमेरिकेत सार्वजनिक शाळांतल्या पंधरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा, २०२१चा. 'हजर राहिलात तर बक्षीस मिळेल' असं आधी सांगितल्यानं सरासरी हजेरीत फरक पडला नाही. आधी न सांगता, चांगल्या हजेरीबद्दल अचानक बक्षीस दिलं, तर पुढं त्या मुलांची हजेरी उलट घसरली. 'अपेक्षेपेक्षा जास्तच आलो' असा अर्थ मुलं त्यातून काढत असावीत, असं संशोधकांचं म्हणणं.

यादी तयार झाली की छापखान्यात धाडण्याआधी एकदा लांबून बघा. मुली किती, मुलगे किती? दिव्यांग विद्यार्थी आहेत का? घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं आहेत का? सगळी नावं दोनच वर्गांतून आली आहेत का? लहान वर्गांत वयही बघा. एकाच इयत्तेत सहा वर्षांचं आणि जवळजवळ सात वर्षांचं मूल शेजारी बसतं, आणि त्या वयात अकरा महिन्यांचा फरक धावण्यात, वाचनात स्पष्ट दिसतो. एखादा गट यादीत अजिबातच नसेल तर निकष सैल करू नका. वहीकडं परत जा आणि पुन्हा शोधा.

[पडद्यावर: मानपत्र]

मजकूर तीस शब्दांच्या आसपास. त्यात काय केलं, त्यात अवघड काय होतं आणि त्यातून काय झालं, एवढं आलं पाहिजे. विशेषणं जवळजवळ नकोतच.

हे बघा, नेहमीचं मानपत्र: 'अत्यंत हुशार, गुणी आणि अष्टपैलू विद्यार्थिनी म्हणून गौरव.'

आणि हे दुसरं, उदाहरणादाखल: 'शाळेच्या आवारातल्या झाडांची सहा महिने दर आठवड्याला मोजणी केली. पानगळीचा तक्ता तीनदा चुकल्यावर पुन्हा आखला. हा तक्ता आता सातवीच्या विज्ञानाच्या तासाला वापरला जातो.'

दुसऱ्यात 'हुशार' हा शब्दच नाही, तरी ती किती हुशार आहे हे कळतं. आणि तो शब्द टाळण्याला सबळ कारण आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढं हुशारीचं कौतुक झालेली मुलं सोप्या कामाकडं जास्त वळली, अपयश आल्यावर लवकर खचली आणि आपले गुण इतरांना सांगताना वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं.

मानपत्रात घरची गरिबी लिहू नका. 'हलाखीच्या परिस्थितीवर मात करून' हे वाक्य लिहिणाऱ्याला फार हृद्य वाटतं. पण भरल्या सभेत आपल्या आईवडिलांसमोर ते ऐकणाऱ्या मुलाची मान खाली जाते. कामगिरी त्याची आहे, तेवढीच सांगा.

सांघिक यश असेल तर प्रत्येक मुलाला वेगळा कागद द्या आणि त्यात त्याचा वाटा लिहा. 'आणि सहकारी' असं कुणाच्याही वाट्याला यायला नको.

आणि नाव! सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात जास्त दुखावणारी चूक म्हणजे नावाचं लेखन. ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या प्रवेश रजिस्टरवरून नाव घ्या, छापण्याआधी मुलाला दाखवा आणि बरोबर असल्याची त्याची सही घ्या. उच्चार अनोळखी असेल तर सूत्रसंचालकाच्या कागदावर तो फोड करून लिहा.

[पडद्यावर: सोहळा]

वेळेचा हिशेब मांडा. तीस शब्द वाचायला पंधरा सेकंद, व्यासपीठावर येऊन कागद घ्यायला पंधरा, फोटोला दहा. एका मुलामागं चाळीस सेकंद. पंचेचाळीस मुलं म्हणजे बरोबर अर्धा तास. पाहुण्यांना दहा मिनिटं, आणि हे निमंत्रण देतानाच सांगायचं. भाषणं लांबली की सूत्रसंचालक मानपत्रं गाळून नुसती नावं वाचायला लागतो. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच कापलं जातं. यावर उपाय एकच, भाषणं शेवटी ठेवा.

मुलांना बोलावण्याच्या क्रमानंच बसवा, प्रत्येकाच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी. लहान वर्ग आधी, ती मुलं लवकर कंटाळतात. पालकांना किमान दहा दिवस आधी कळवा आणि वेळ अशी निवडा की त्यांचा कामाचा दिवस बुडणार नाही. सकाळी अकराच्या कार्यक्रमाला कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे उघड आहे.

फोटो बाहेर प्रसिद्ध करायचा असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या. परवानगी असली तरी चेहरा, पूर्ण नाव आणि राहण्याचं ठिकाण एकत्र देऊ नका. आणि प्रत्येक मुलाला आधी विचारा, 'सगळ्यांसमोर यायला आवडेल का?' काही मुलांना व्यासपीठ म्हणजे शिक्षा वाटते. त्यांच्यासाठी वर्गात वाचलेलं मानपत्र किंवा मुख्याध्यापकांच्या सहीचं घरी गेलेलं पत्र जास्त योग्य.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांच्या आत सगळी मानपत्रं कायमच्या नोंदवहीत उतरवून घ्या, कारण मूल शाळा बदलतं, शिक्षकांची बदली होते, कागद हरवतो. प्रत्येक नावापुढं एक रकाना ठेवा, 'पुढं काय'. प्रयोगशाळेत आठवड्याला एक जादा तास, पुढच्या स्पर्धेची तारीख, एखाद्या मार्गदर्शकाची भेट, जे शाळेला खरंच जमेल तेवढंच लिहा आणि ते बघण्याची जबाबदारी एका शिक्षकावर नावानिशी टाका.

ज्यांची नावं समितीपर्यंत आली पण निवड झाली नाही, त्यांना तीन ओळींची चिठ्ठी द्या: कशासाठी विचार झाला, समितीला काय आवडलं, अजून काय हवं होतं. आणि जे मूल त्या दिवशी गैरहजर होतं त्याचं मानपत्र कपाटात पडून राहू देऊ नका. आठवडाभरात, त्याच्याच वर्गात, उभं राहून, पूर्ण वाचून द्या.