पवनेच्या काठाने, कुत्र्याला घेऊन

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात पवना धरणाचं पाणी उतरतं, एरवी बुडालेलं वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि तुंग-तिकोना किल्ल्यांच्या पायथ्याशी काठाकाठाने चालायला मोकळी जमीन मिळते. कुत्र्याला घेऊन तिकडे निघणार असाल, तर पट्टा छातीचा बांधा. गळ्यातला नको, छातीचा.

आमची चंदी गावठी आहे. आपल्या उन्हाला गावठी कुत्रंच खरं. बर्फातले केसाळ हस्की हौसेने पुण्यात आणून तापवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तर गेल्या उन्हाळ्यात सकाळी आम्ही मंदिराकडे निघालो होतो. एक टिटवी ओरडत उठली. या दिवसांत तिची अंडी उघड्या जमिनीवरच असतात, म्हणून ती असं ओरडून कुत्र्याला लांब नेते. चंदी दोरी हिसकून तिच्यामागे धावली ती थेट गाळात. वरून भेगाळलेला, टणक दिसणारा गाळ, आणि चंदी पोटापर्यंत आत! मी पाऊल उचललं, तेवढ्यात म्हशी राखणारे एक मामा ओरडले, "थांबा सायेब, दोघंबी जाल! आन् हाका मारू नका. तुमच्याकडं याया धडपडंल, तसं आनखी रुतंल."

मी गप्प झालो. चंदीही हळूहळू शांत झाली. मामांनी खांद्यावरची घोंगडी गाळावर पसरली आणि तिच्यावर पालथे पडून पुढे सरकले. माझी पाण्याची बाटली मागून घेतली, चंदीच्या पायांभोवती ओतली. गाळ पाय धरून ठेवतो, पाणी शिरलं की सोडतो. मग छातीच्या पट्ट्यात हात घातला आणि न हिसकता ओढत राहिले. आधी पुढचे पाय सुटले, मग मागचे. गळ्यातला पट्टा असता तर तिचा गळाच आवळला असता! मी पैसे पुढे केले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमची वासरं आशीच काढतो."

याच पाण्याखाली इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि आपण त्यांच्या काठावर तंबू ठोकून रात्रभर कर्णे वाजवतो. हे बंद झालंच पाहिजे.

बाकी तुम्ही जाणताच. ऊन चढायच्या आत परता. तळहाताची मागची बाजू कातळावर टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते फार धापा टाकू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर सावलीत घ्या, पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा आणि तडक डॉक्टर गाठा. हिरवा तवंग आलेलं पाणी पिऊ देऊ नका, पिण्याचं पाणी घरून न्या. आणि घरी आलात की कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. त्याच संध्याकाळी शोधा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. नमस्कार.