तुटलेलं बोट आणि बर्फाचा डबा

श्रोतेहो, नमस्कार. कडबाकुट्टीच्या यंत्रात बोट गेलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा मागून धावत येणाऱ्या भावाच्या हातात डबा असतो. डब्यात बर्फ, बर्फात उघडं बोट. भावाची माया खरी, पण बर्फ थेट लागला की बोटातल्या पेशी गोठून मरतात.

वैरणीची शेवटची मूठ सरकवताना हात आत जातो. रोलर वैरण ओढतात तसाच हातही ओढतात. म्हणून शेवटची मूठ लाकडानं ढकला आणि मोटारीचा स्विच हाताशी ठेवा. शेतीची थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून कुट्टी झोपेच्या डोळ्यांनी होते. शेतीला दिवसा वीज मिळायलाच हवी, मी हे सांगत राहणार.

आता बोस्टनची गोष्ट ऐका. २३ मे १९६२. बारा वर्षांचा एक मुलगा मालगाडीला लटकला आणि पुलाच्या दगडी बांधकामावर आपटला. उजवा हात खांद्याजवळ तुटला. तो बाहीतच राहिला, आणि डाव्या हातानं त्याला धरून पोरगं चालत निघालं! मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात बाही बाजूला केली, तर हात धडापासून पूर्ण सुटलेला. डॉक्टरांनी तो गार ठेवला. तिथले सर्जन रोनाल्ड माल्ट तेव्हा जेमतेम तिशीचे. त्यांच्या चमूनं रक्तवाहिन्या जोडल्या, हाड सांधलं, स्नायू आणि कातडी शिवली. पांढराफटक हात गुलाबी झाला. मज्जातंतू काही महिन्यांनी जोडले. एवढा मोठा अवयव पुन्हा जोडण्यात जगात पहिल्यांदाच यश आलं होतं.

दंडात स्नायू भरपूर, म्हणून तुटल्यावर तो जोडायला जेमतेम सहा तास मिळतात. बोटात स्नायू नसतात. नीट गार ठेवलं तर ते बारा तासही टिकतं. खेड्यातून मोठ्या शहरात पोचायला तेवढे पुरतात.

तुटलेलं बोट स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, चोळू नका. ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. पुन्हा सांगते: बोट पिशवीत, पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोटाला बर्फ लागू द्यायचा नाही.

जखमेवर हळद नको, चुना नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. चहापाणीही देऊ नका, भूल द्यावी लागते. आणि १०८ ला फोन लावाल तेव्हा सांगा, ‘बोट तुटलंय, तुकडा सोबत आहे.’