येऊरच्या पाचोळ्याखाली

(दृश्य : पहाट. ओढ्याकाठची उकरलेली जमीन.)

ठाण्याचं येऊर. पहिले पाऊस होऊन गेलेत आणि ओढ्याकाठची ही जमीन रात्रीतून कुणी कुदळीने खणल्यासारखी उलथीपालथी झाली आहे. हे काम रानडुकरांचं. चिखलात खूर नीट उमटलेत : पुढे दोन मोठे, मागे बाजूंना फाकलेले दोन बारीक ठसे.

पूर्वेला ठाणे-मुलुंड, पश्चिमेला बोरिवली-मालाड, आणि मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान. येऊर हा त्याचा ठाण्याकडचा भाग.

(दृश्य : रात्रीचा कॅमेरा. कळप.)

पुढे डुकरीण, मागे पिल्लं. अंगावरचे लांबट पट्टे काही महिन्यांत जातील. डुकरिणीचं नाकाड जमिनीवरून उठतच नाही, बघा. नजर बेताचीच, सगळा भरवसा वासावर. नाकाच्या शेंड्याला कूर्चेची घट्ट चकती असते आणि तिला आतून एका छोट्या हाडाचा आधार. आधी हुंगायचं, मग पाचोळा बाजूला सारायचा, मग चकती मातीत घालून मानेच्या जोराने ढेकूळ वर उचलायचं. खाली कंद, मुळं, गांडुळं, हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. जवळ उंबर किंवा जांभूळ असेल तर खाली पडलेली फळंही सुटत नाहीत.

(दृश्य : त्याच जागी सकाळ.)

उकरलेल्या मातीवर दयाळ उतरला आहे, उघड्या पडलेल्या किड्यांसाठी. डुकरं काही रोपं उपटतात, हे खरं. पण कुजका पाचोळा मातीत मिसळतो तोही त्यांच्याच उकरण्याने.

हे उकरणं भुसभुशीत जमिनीतच जमतं. उन्हाळ्यात माळावरचा मुरूम दगडासारखा होतो, तेव्हा कळपाचा सगळा भार ओढ्याकाठच्या या सावलीतल्या ओलीवर. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून अंग थंड ठेवायला लोळण्यापुरता चिखलही इथेच लागतो.

(दृश्य : जळालेला उतार.)

इथे वणवा लागून गेला. झाडं उभी आहेत, मोजली तर आकडा तोच भरेल. पण पाचोळा जळाला, झुडपं गेली, ओल उडाली आणि तिच्याबरोबर किडेही. रानडुकराचं रान ते हेच होतं, झाडांच्या खालचं. आपण झाडं लावतो, मोजतो, त्यांचे फोटो काढतो. पायाखालच्या या थराची मात्र जंगलात गणतीच करत नाही.

मग कळप कडेला येतो. पाड्यावरच्या शेतात शिरतो, रस्त्याकडेच्या कचऱ्यावर येतो, आणि हातातोंडाशी आलेलं पीक एका रात्रीत जातं.

येऊरला येणाऱ्यांनी उरलेलं अन्न रस्त्याकडेला टाकू नये. पेटती विडी-सिगारेट तर मुळीच नाही. आणि स्वच्छतेच्या नावाखाली ओढ्याकाठचा पाचोळा कुणी झाडू नये. तो जिथे पडला आहे तिथेच राहू द्या.