स्पिंडलचा ताप आणि हौदाचं गणित

(भोसरी एमआयडीसी. शटर वर जातं. एकेक ट्यूब पेटते.)

गुरुवारची सुट्टी संपली की शुक्रवारी सकाळी मशीन पार गार पडलेली असते. आठला शिफ्ट सुरू. पहिला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, मापात, दुसराही मापात. दहाच्या चहापर्यंत मात्र कापाची खोली हळूहळू वाढत जाते आणि ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बदलतो, पण आता उलट्या दिशेनं.

मशीन बिघडलेली नाही. स्पिंडल, म्हणजे कापणारं हत्यार फिरवणारा दांडा, तापतो आणि निवतो, एवढंच.

पोलाद तापलं की वाढतं. एक मीटर लांबीला, एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे २०० मिलिमीटरचा भाग २० अंशांनी तापला, तर ४८ मायक्रॉन. ड्रॉइंगवर सूट २० मायक्रॉनची असेल, तर जॉब थेट भंगारात.

मग विचारायचं एवढंच, की तो किती तापणार आणि किती वेळात? त्यासाठी भागाचे हजारो तुकडे करून हिशेब मांडणारी सॉफ्टवेअरं आहेत. त्यातल्या बऱ्याचशांचा परवाना लाखांत जातो आणि चालवायला जाणकार माणूस लागतो. दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला हे झेपत नाही. खरं तर एवढ्या प्रश्नाला ते लागतही नाही.

(टेबलावर चौकड्यांची वही, कॅल्क्युलेटर.)

शाळेतला हौद आठवा. वरून नळ सोडलाय, खालून गळती आहे. नळ म्हणजे बेअरिंगच्या घर्षणाची उष्णता, गळती म्हणजे हवेत जाणारी. पाण्याची पातळी म्हणजे तापमान. शाळेतल्या गणितात गळती ठरावीक असायची. इथे पातळी चढेल तशी तीही वाढते.

समजा, स्पिंडल आणि त्याचं घर, म्हणजे बाहेरचं आवरण, मिळून २० किलो पोलाद. ते एक अंश तापवायला सुमारे ९,६०० जूल लागतात. बेअरिंग देतं ६० वॅट. दर अंशामागे हवेत जातात ३ वॅट. पहिल्या मिनिटात ३,६०० जूल आत येतात, तापमान ०.३७५ अंशानं चढतं. हवेपेक्षा १० अंश वर गेल्यावर निम्मी उष्णता बाहेर पडते, म्हणून वेगही निम्मा. २० अंशांवर आवक-जावक सारखी होते आणि चढ थांबतो.

एक्सेलमध्ये दर मिनिटाला एक ओळ, बस्स. ५३ मिनिटांत साडेबारा अंश, २ तास ४० मिनिटांत १९.

अख्खा लोखंडी गोळा एकाच तापमानाचा कसा धरला? फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांच्या नावाचा एक अंक आहे. पृष्ठभागावरून उष्णता जाण्याच्या मानानं आतून वाहायला किती अडचण होते, ते तो सांगतो. ०.१ च्या खाली असेल तर गोळा एकच धरायला हरकत नाही. इथे तो ०.०१ च्या आसपास येतो.

(स्पिंडलच्या घरावर चिकटवलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार.)

तो ३ वॅटचा आकडा मात्र पुस्तकातून उचलू नका, मशीनवर मोजा. तापलेला स्पिंडल थांबवून तो निवताना दर पाच मिनिटांनी तापमानाची नोंद करा; ते उतरण्याच्या वेगावरून गळती निघते. फिरता स्पिंडल हवा ढवळतो, त्यामुळे चालू मशीनची गळती यापेक्षा थोडी जास्त धरावी लागते. लांबून तापमान मोजणाऱ्या लेझर गनवर तर फार विसंबू नका. चकचकीत पोलादावर ती कमी तापमान दाखवते. काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर मोजा.

हा एका हौदाचा हिशेब एक गोष्ट लपवतो, आणि तीच धोक्याची आहे. आतला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बाहेरच्या घरापेक्षा जास्त तापतो. तो फुगतो, बेअरिंग आवळलं जातं, घर्षण वाढतं, उष्णता आणखी वाढते. असं चालू राहिलं तर बेअरिंग जाम होतं. ते पकडायला दोन हौद लागतात, शाफ्टचा एक आणि घराचा एक, मध्ये एक बारीक नळी. एक्सेलमध्ये एक रकाना वाढतो. ग्राइंडिंगमध्ये चाकाखाली जळणारा ठिपका मात्र या गणिताच्या आवाक्याबाहेरचा. तिथे वेगळं गणित किंवा ते महागडं सॉफ्टवेअर हवं.

(घड्याळात १०.४०. बारीक सरकणं मोजणाऱ्या डायल गेजचा काटा जवळजवळ स्थिर.)

आज ऑपरेटरनं मशीन आठला रिकामीच फिरवत ठेवली होती. पहिला जॉब तो आत्ता बांधतोय.