‘वि.’ म्हणजे नक्की कोण?

नमस्कार मंडळी. मागपर्यंत येतोय ना आवाज? गेल्या वर्षी इथेच एकांचं अख्खं व्याख्यान पंख्याच्या घरघरीत गेलं आणि शेवटी टाळ्या पडल्या त्या पंखा बंद केल्याबद्दल, म्हणून विचारलं.

पत्रिकेत विषय छापलाय ‘विष्णू नावाची मराठी माणसं आणि नावांचं राजकारण’. यातलं ‘राजकारण’ माझं नाही, ते संयोजकांनी गर्दी व्हावी म्हणून घातलंय. झालेली गर्दी बघता पुढच्या वर्षी ‘घोटाळा’ घालून बघा. मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती, त्यातली नऊ सत्कारात आणि दीपप्रज्वलनाची काडेपेटी शोधण्यात गेली. मला सांगायचंय एवढंच, की आपल्याकडे माणसाला नाव देत नाहीत, नावाला माणूस देतात. हे पुराव्यानिशी सांगतो, पण आधी माझं दुखणं ऐका, कारण घरचे आता ऐकत नाहीत.

माझं नाव विष्णू, वडील गोविंद, आणि आडनाव आपल्या भागात पैशाला पासरी. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रक्त तपासायला गेलो. लॅबचं नाव सांगत नाही, घराजवळ पडते म्हणून अजून तिथेच जातो. काउंटरवरच्या मुलीने लिहिलं ‘वि. गो.’ आणि पुढे आडनाव. म्हटलं बाळ, पूर्ण नाव लिही, तर म्हणाली काका, कॉम्प्युटरमध्ये एवढंच बसतं. संध्याकाळी रिपोर्ट आला, उपाशीपोटी साखर १४८. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, तीन-चार महिने कडक पथ्य करा मग बघू. झालं, आमच्या हिने त्याच दिवशी गुळाचा डबा असा काही लपवला की तो अजून सापडलेला नाही. पाडव्याला सगळे श्रीखंड-पुरी खातायत आणि मी कारल्याचा रस. अक्षय्य तृतीयेला साडूने देवगडहून हापूसची पेटी पाठवली, ती जिन्याखाली गवतात, आणि मी रोज सकाळी चालायला जाताना त्या वासातून जायचो. नुसतं जायचो.

जूनमध्ये परत रक्त दिलं आणि रिपोर्ट घ्यायला बाकावर बसलो. मुलीने पुकारा केला ‘वि. गो. अमुक!’ आणि आम्ही दोघं उठलो. एकच पाकीट, दोन हात. तो म्हणाला तुम्ही कोण, मी म्हटलं मी वि. गो. तो म्हणाला, मग मी कोण? हा प्रश्न उपनिषदांत ठीक आहे हो, लॅबच्या काउंटरवर फार त्रासदायक होतो. तर ते गृहस्थ विनायक गोपाळ, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, फेब्रुवारीत माझ्या आधी दोन मिनिटं सुई टोचून घेतलेली. त्यांच्या हातात माझा ८८ पडला आणि माझ्या हातात त्यांचा १४८. सगळा उलगडा झाल्यावर माझा हात धरून म्हणाले, साहेब, तुमच्या रिपोर्टावर मी सहा डझन खाल्ले. आता त्यांची साखर आटोक्यात असते आणि माझी खरोखरच वाढलीय, पण तो भाग वेगळा.

तेव्हापासून मला हा ‘वि.’ दिसला की कपाळात तिडीक जाते. वाचनालयाच्या कपाटापुढे उभे राहा आणि बघा. वि. का. राजवाडे म्हणजे विश्वनाथ. वि. दा. सावरकर म्हणजे विनायक, वि. रा. शिंदे म्हणजे विठ्ठल, वि. द. घाटे पण विठ्ठल, वि. भि. कोलते मात्र विष्णू आणि वि. स. खांडेकरही विष्णू. सगळे त्या एका ‘वि’च्या छत्रीखाली दाटीवाटीने उभे. एका मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात, म्हणजे २७ फेब्रुवारीला, ज्यांचा वाढदिवस म्हणून आपण तो दिवस साजरा करतो त्यांचाच उल्लेख निवेदकाने ‘विनायक वामन शिरवाडकर’ असा केला आणि सभागृहात एकानेही मान वळवली नाही. मी वळवली, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला उसण भरली.

बरं, आता तुमची परीक्षा. गांधर्व महाविद्यालय कुणी काढलं? भातखंडे म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, सात हात, आणि त्यातला एक हार्मोनियम शिकवणाऱ्यांचा आहे! मंडळी, विष्णु नारायण भातखंडे १८६० साली वाळकेश्वरला जन्मले, वकिली केली, राग दहा थाटांत बसवले, गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून छापल्या. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ चे, कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्याने डोळे गेले म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला, आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय. एक शास्त्र लिहिणारा, एक गाणं चार लोकांत मानाने नेऊन बसवणारा, आणि दोघांनी स्वरलिपी केली ती आपापली वेगळी. माझ्या बहिणीचं यात फार हसं झालं होतं. ती आधी पलुस्कर पद्धतीच्या क्लासला होती, तिथे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला. मग बदली झाली, नव्या गावात भातखंडे पद्धत, तिथे डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरच्या सप्तकातला, आणि मंद्राचं टिंब खाली. परीक्षेत बाईंनी वही पुढे केली, हिने टिंब बघितलं आणि जिथे वर जायचं तिथे खर्जात उतरली ती विहिरीत बादली सोडावी तशी. बाई म्हणाल्या, तू कुठल्या विष्णूची गं? आणि यावर कडी म्हणजे भातखंड्यांनी स्वतः काही लेखन टोपणनावांनी केलं, त्यातलं एक होतं ‘विष्णुशर्मा’. म्हणजे विष्णूने नाव लपवलं ते विष्णूच्याच मागे!

लाहोर म्हटलं की दुसरा विष्णू आठवायला हवा, तो कुणाला आठवत नाही. विष्णु गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचा पोरगा, इंजिनिअरिंगला अमेरिकेत गेला, गदर पार्टीत सामील होऊन परत आला, मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभाबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. वय सत्तावीस. ज्या शहरात एका विष्णूने चौदा वर्षांपूर्वी तंबोरे लावले तिथेच. आपल्याकडे गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक पोराला पहिला विष्णू माहीत असतो, दुसऱ्याचं नाव मी इथे घेतलं तेव्हा तुमच्यातल्या दोघांनीच मान हलवली, मी मोजलं.

(चिठ्ठी आली. ‘१५ मिनिटे.’ बरं.)

एकाच वर्षात दोन विष्णू हवेत? १८५७ घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे, मथुरेला यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून चालत निघाले आणि बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात आत होते. त्याच वर्षी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून मिशनऱ्यांशी वाद घालतायत आणि मुंबईकर वारा खात ऐकतायत. दोघेही आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. आणि विष्णुशास्त्री घेतलेत तर आणखी मजा. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहासाठी सगळं आयुष्य घातलं, ईश्वरचंद्र विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं आणि नुसतं सांगून न थांबता स्वतः विधवेशी लग्न केलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ला निबंधमाला काढली आणि सुधारकांची सालं काढली. पंडित १८७६ ला गेले, म्हणजे दोनेक वर्षं पुण्या-मुंबईत ‘विष्णुशास्त्री असं म्हणाले’ याला दोन बरोबर उलटे अर्थ होते. आज ‘विष्णुशास्त्री’ म्हटलं की एकटे चिपळूणकर उभे राहतात. याला मी नावाची दत्तक-विधी नामंजूर झाली असं म्हणतो, नामंजूर वारसाचं संस्थान शेजाऱ्याला!

सिनेमावाल्यांचं एकच सांगतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. आणि तुकोबा ज्याच्याकडे डोळे लावून बसलेत तो विटेवरचा, तो कोण? अहो तोच! सेटवर कुणी ‘विष्णुपंत’ अशी हाक मारली तर देवानेसुद्धा मान वळवायला हवी होती. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे राहिले, १८८० साली सर्कस काढली आणि रहिमतखाँसारख्या गवयाला घेऊन तंबूसकट फिरले, सांगलीचे विष्णुदास भावे राहिले, १८४३ चं ‘सीतास्वयंवर’, भीमबेटकाच्या चित्रगुहा शोधणारे वाकणकर राहिले, १९५७ साली गाडीच्या खिडकीतून खडक बघून उतरणारे. राहू देत.

कारण मला ज्ञानपीठवर यायचंय. मराठीचं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना, १९७४ चं. दुसरं कुसुमाग्रजांना, १९८७ चं. पहिले दोन्ही विष्णू. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण खांडेकर सांगलीत जन्मले ते गणेश आत्माराम म्हणून, १९१६ ला सखाराम खांडेकरांना दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्मले गजानन रंगनाथ म्हणून, काका वामनरावांनी दत्तक घेतलं आणि विष्णु वामन झाले. दोघेही जन्माने गणपती! आणि दोघांनाही दुसऱ्या घरात जाताना बापाचं नाव आणि स्वतःचं नाव दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवावं लागलं, चपला ठेवतात तसं. तिसरं ज्ञानपीठ विंदांना, ते गोविंद, आणि गोविंद हेही संध्येतल्या चोवीस नावांतलं, केशव-नारायण-माधव-गोविंद-विष्णू, लगेच शेजारचं. चौथं नेमाड्यांना. भालचंद्र. म्हणजे शेवटी गणपतीने आपली एक जागा परत घेतली. (टाळ्या नकोत, वेळ जातो.)

ही दुसरी चिठ्ठी, ‘५ मिनिटे’ आणि खाली दोन रेघा. म्हणजे जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत सांगतो.

मुद्दा असा की विष्णू हे नाव त्या पोरासाठी शोधलेलं नसायचं. घरात आजोबा विष्णू होते, ते गेले, जागा रिकामी झाली, पुढचा नातू त्या जागेवर. दत्तकातही तेच, माणूस उचलून नावाच्या खुर्चीत बसवला. दहा-पंधरा नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली की सगळी गर्दी त्यांतच. मग घरात हाक कशी मारायची? सून सासऱ्याचं नाव घेणार नाही आणि पोराचं नाव तर तेच, म्हणून पोराला बापू, अण्णा, तात्या, भाऊ. म्हणून खांडेकर भाऊसाहेब, शिरवाडकर तात्यासाहेब आणि वाकणकर तर हरिभाऊ. आयुष्यभर ‘विष्णू’ अशी हाक फक्त शाळेच्या हजेरीत.

या पद्धतीत माणूस ओळखायचा तो मधल्या नावावरून, नारायण की दिगंबर, सखाराम की वामन. आणि इंग्रजी वळणाने आपण आद्याक्षरं घेतली आणि नेमकं तेच मधलं नाव कापलं. एक माणूस दुसऱ्यात विरघळायला मग वेळ लागत नाही. जुना पुरावा आहे, विष्णुदासनामा. सोळाव्या शतकातला, मराठीत महाभारत रचणारा कवी, पण सही ‘नामा’, त्यामुळे त्याचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत जाऊन बसले आणि संशोधकांना ते गहू-खडे निवडावे तसे निवडावे लागले. तिथे तर छापखानाही नव्हता, लॅबही नव्हती.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाणार नाही. मी आत्तापर्यंत घेतलेली नावं बघा, शास्त्री, भट, बुवा, पंत. गावोगाव शेतात राबणारे विष्णू काय कमी होते? पण त्यांना आद्याक्षरंही मिळाली नाहीत, सातबाऱ्यावर ‘विष्णू बिन अमुक’ एवढंच. गोव्याचे विष्णु सूर्या वाघ मला म्हणून महत्त्वाचे वाटतात. ‘सुदिरसूक्त’ हा कवितासंग्रह लिहून याच पंगतीत कोण जेवलं आणि कोण बाहेर बसलं हे त्यांनी विचारलं, कोकणीत, आणि स्वतःचं नाव कधी वि. सू. केलं नाही. यावर खरं तर अर्धा तास हवा होता. तो मी आंब्यांवर घालवला.

आता अध्यक्षबाई घड्याळ बघत नाहीयेत, सरळ माझ्याकडे बघतायत, तेव्हा थांबतो. चहा मागच्या खोलीत आहे. कुणाला राहिलेला विष्णू आठवला तर तिथे गाठा आणि सांगताना बापाच्या नावासकट सांगा. बिस्किटं क्रीमची असतील तर माझ्यापुढे ती ताटली आणू नका, विनायकराव तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांच्यापुढे तर अजिबातच नको.