छातीतलं यंत्र आणि मधली पाटी

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यात मुलामुलींना खो-खो शिकवते. आज बोलायचं आहे हृदयाच्या ठोक्यांबद्दल, आणि छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे बिथरलेले ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र, बसवलेल्या माझ्या एका खेळाडूबद्दल.

पळता पळता एखादं मूल कोसळलं की भोवती जमलेली माणसं विचारतात, सकाळी काही खाल्लं होतंस का? मुलगी असेल तर लगेच ठरवून टाकतात: अशक्तपणा असेल, रक्त कमी असेल, उपास असेल, पाळी असेल. तोंडावर पाणी मारायचं, ग्लुकोज पाजायचं आणि घरी धाडायचं. पुष्कळदा कारण तेवढंच असतं, हे खरं. पण प्रार्थनेला उन्हात उभं राहून आलेली चक्कर वेगळी, आणि भर पळतीत हरपलेली शुद्ध वेगळी. पुन्हा सांगते. पळताना, पोहताना, जोरात खेळताना मुलाची शुद्ध गेली, तर ईसीजी काढायचाच आणि तो हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचाच.

माझी ही खेळाडू ठाण्यातल्याच बाळकूमची. ती खांबाजवळच्या पाटीवर, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांच्या बसायच्या जागेवर, बसायची, कारण खांब धरून गडी टिपायला ती मारायची तो सूर इतका स्वच्छ होता की पंचसुद्धा क्षणभर बघत राहायचे. एकदा शाळेच्या स्पर्धेत ती पडली होती, तेव्हा ग्लुकोजवर भागवलं गेलं. पुढे अकरावीत असताना पुन्हा पडली, आणि या वेळी नाडी लागेना. आमच्या एका मोठ्या मुलीने कॉलेजात प्रथमोपचार शिकले होते. तिने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबली नाही. त्या मुलीमुळे ही वाचली.

निदान झालं लाँग क्यूटीचं. हृदयाची ठेवण ठीक, झडपा ठीक, रक्तवाहिन्या ठीक. दोष विजेचा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो, तो वेळ तिच्यात लांबलेला. जोराच्या धावण्यात कधी ठोक्यांचा मेळ सुटतो, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. हा दोष बहुतेक वेळा आईवडिलांकडून येतो, आणि सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता निम्मी असते. तिच्या धाकट्या भावाचा ईसीजी काढला तर त्यातही तेच निघालं. त्याला आता गोळ्या चालू आहेत. एकाला निघालं की घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

तिच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, टायटॅनियमची छोटी डबी बसवली. तिथून एक तार शिरेतून हृदयात उतरते. ही डबी प्रत्येक ठोका मोजत असते. ठोके बिथरले की काही सेकंद खात्री करून घेते, आणि मग आतूनच शॉक देते. मिशेल मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं खपून हे यंत्र केलं. फेब्रुवारी १९८० मध्ये ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं. तेव्हा त्यांना विरोध करणारे मोठमोठे डॉक्टर होते. चिकाटीच्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

आता आजी. मुलीला वाढवलं आजीनेच. ऑपरेशननंतर पोरगी घरी आली आणि आजी तिला शिवेना. मिक्सरजवळ जाऊ देईना, टीव्हीचं बटण दाबू देईना, रात्री शेजारी अंथरूण घालीना. "अगो पोरी, तुझ्या आंगान करंट हाय," एवढंच म्हणायची. मी घरी जाऊन समजावलं. मिक्सर चालतो, टीव्ही चालतो. मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवायचा नाही, दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहायचं. आजीने मान हलवली, चहा दिला, पण पोरीच्या डोक्यावरून हात काही फिरवला नाही.

कित्येक महिने गेले. डॉक्टरांच्या परवानगीने मुलगी मैदानावर परतली. खांब बंद, सूर बंद, कारण डबीवर आपटणं आणि तारेवर ताण येणं दोन्ही वाईट. ती बसू लागली मधल्या पाटीवर. आणि मग घरात एका बहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडची हळद म्हणजे रात्रभर डीजे. मला तो आवाज अजिबात सोसत नाही. बँजो होता तेव्हा माणसं नाचायची आणि शेजारचं तान्हं मूलही झोपायचं. असो. त्या धावपळीत पोरीने दोन दिवस ठोके आवरणारी गोळी घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला हजर.

इकडे आजीला हळदीच्या साड्यांच्या घड्या घालताना पिशवीत गोळ्यांची अख्खी पट्टी सापडली. म्हातारी ती पट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन रिक्षाने थेट मैदानावर आली. मुलगी पळती करत होती. आजीने कडेला उभं राहून हाक मारली, पोरीने वळून पाहिलं आणि दोन पावलांवर कोसळली. अगदी आजीच्या पुढ्यात. मी पलीकडच्या खांबाशी होते. मी पोचेपर्यंत आजीने मातीत बसकण मारून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खरं तर रोग्याला सपाट निजवायचं असतं. पण मी काही बोलणार एवढ्यात पोरीच्या अंगाला जोराचा हिसका बसला. शॉक. आजीच्या हाताला झिणझिण्या आल्या असणार, तिने ओठ आवळले. आजूबाजूच्या मुली किंचाळल्या. मी म्हटलं, आजी, सोडा. तर आजी म्हणाली, "असूंदे करंट." आणि तिने दोन्ही हातांनी ते डोकं आणखी घट्ट धरलं.

मुलीने डोळे उघडले. पहिलं विचारलं ते, "बाई, मी बाद झाले का?"

यंत्राने सगळी नोंद साठवून ठेवली होती. दवाखान्यात ती वाचून डॉक्टरांनी सांगितलं की ठोके खरोखरच जीवघेणे झाले होते आणि एका शॉकने ते ताळ्यावर आले. त्या रात्रीपासून आजी तिच्या शेजारी झोपते, आणि गोळी स्वतःच्या हाताने देते.

तर लक्षात ठेवा. शॉक बसत असताना हात लागला तर फार तर झिणझिण्या येतात, इजा होत नाही. शॉक एकच बसला आणि नंतर बरं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही बरं वाटत नसेल, तर तडक रुग्णालय. आणि माणूस शुद्धीवर येत नसेल, श्वास नीट नसेल, तर १०८ ला फोन करा आणि छातीवर दाब द्या, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. आत यंत्र आहे म्हणून थांबू नका. पुन्हा सांगते, थांबू नका.

मुलीला मात्र त्यानंतर मैदानाची धडकी भरली. छाती धडधडली की आता शॉक बसणार असं वाटायचं, जिना चढायलाही घाबरायची. शॉक बसलेल्या पुष्कळांना हे होतं. तिला समुपदेशकाकडे नेलं, आणि त्याचा गोळ्यांइतकाच उपयोग झाला. "मन घट्ट कर" असं म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला एकटं सोडू नये.

लोक विचारतात, अशा मुलांनी खेळावं का? पूर्वी सरसकट नकार असायचा, गोल्फसारखे हलके खेळ तेवढे चालत. मग २०१३ मध्ये अनेक देशांतल्या एका नोंदणीतून यंत्र बसवलेल्या ३७२ खेळाडूंची माहिती छापून आली. खेळताना काहींना शॉक बसले होते, पण खेळताना ठोके बिघडून मृत्यू एकही नव्हता. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन जून २०२१ मध्ये भर सामन्यात कोसळला. यंत्र बसवून पुढच्या वर्षी तो इंग्लंडमध्ये खेळू लागला. इटलीच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून त्याला तिथला क्लब सोडावा लागला. पण आमच्या मुलीला चाललं म्हणून तुमच्या मुलाला चालेल, असं नाही. हृदयाच्या स्नायूंच्या काही आजारांत जोराचा व्यायाम आजारच वाढवतो. हा निर्णय हृदयाच्या ठोक्यांचे तज्ज्ञ, खेळाडू आणि घरचे यांनी एकत्र बसून घ्यायचा. शेजाऱ्यांनी नाही, आणि क्रीडा शिक्षकानेही नाही.

ठाण्यातल्या मंडळांना माझी एक विनंती आहे. मैदानं लग्नांना आणि प्रदर्शनांना देता, मांडवाचे खड्डे आमच्या मुलींच्या पायाखाली येतात, त्याबद्दल पुन्हा कधी बोलेन. पण स्पर्धेचं पत्रक छापताना पंचांच्या नावांखाली एक ओळ वाढवा: छातीवर दाब देता येणारी व्यक्ती कोण, आणि तिचा मोबाइल नंबर. नमस्कार.